पीएफ, सुपरॲन्युएशन, ग्रॅच्युइटी: मालकाची वर्गणी उशिरा गेली तर वजावट कोणत्या वर्षी?

प्रश्न थोडक्यात असा: शंभर कामगारांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, टॅक्स ऑडिट लागू. मार्च २०२५ च्या पगारावरचं पीएफ चलान १५ एप्रिलऐवजी २२ एप्रिल २०२५ ला भरलं. २०२४-२५ ची सुपरॲन्युएशन (निवृत्तीवेतन) फंडाची ९ लाखांची वर्गणी पैशांच्या ओढाताणीत थेट २० डिसेंबर २०२५ ला गेली. ग्रॅच्युइटीची १४ लाखांची तरतूद ताळेबंदात आहे, फंड नाही. त्यात भविष्य निधी कार्यालयाचा २०१९ ते २०२२ या काळासाठी पीएफ कायद्याच्या कलम ७ए खालचा, म्हणजे थकलेली वर्गणी किती ते ठरवणारा, आदेश आला, तो फेब्रुवारी २०२६ मध्ये भरला. यातलं काय, कोणत्या वर्षी वजा मिळेल?

चारही रकमांना वेगवेगळे नियम लागतात, म्हणून एकेक घेऊ. खालचं सगळं आयकर कायदा १९६१ बद्दल, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू. त्यापुढच्या वर्षांसाठी नव्या कायद्याची कलमं स्वतंत्र वाचा, इथली वाक्यं तिथे चिकटवू नका. आधीच्या वर्षांच्या आकारण्या आणि अपिलं मात्र जुन्याच कायद्याने चालतील.

चलान एक, पैसे दोघांचे

बहुतेक गोंधळ इथेच होतो. पीएफचं चलान एकच असतं, पण त्यात कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे आणि कंपनीचे स्वतःचे पैसे, दोन्ही असतात. आयकर कायदा या दोन वाट्यांना दोन वेगळ्या मुदती लावतो.

तुमच्या कंपनीचे आकडे सोपे धरू: १०० जण, प्रत्येकाचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता २०,००० रुपये, पूर्ण पगारावर पीएफ. कामगारांचा १२ टक्के हिस्सा २,४०,००० रुपये. कंपनीचा १२ टक्के हिस्साही तेवढाच, पण तो दोन खात्यांत फुटतो. १५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे माणशी १,२५० प्रमाणे १,२५,००० रुपये पेन्शन खात्यात (खाते क्र. १०) आणि उरलेले १,१५,००० पीएफमध्ये (खाते क्र. १). शिवाय विमा योजनेचे माणशी ७५ प्रमाणे ७,५०० (खाते क्र. २१) आणि प्रशासकीय खर्च अर्धा टक्का, १०,००० (खाते क्र. २). एकूण चलान ४,९७,५०० रुपयांचं. यातले २,४०,००० कामगारांचे, २,५७,५०० कंपनीचे.

आधी कामगारांचा वाटा. कंपनी पूर्ण पगार खर्चात टाकते. त्यातून कापलेला पीएफ कलम २(२४)(एक्स) नुसार कंपनीचंच उत्पन्न धरला जातो, आणि तो वेळेत फंडात भरला तर कलम ३६(१)(व्हीए) ती रक्कम वजा देतं. वजावट मिळाली तर दोन्ही नोंदी एकमेकींना खातात. नाही मिळाली तर उत्पन्नाची बाजू तशीच उभी राहते. ‘वेळेत’ म्हणजे पीएफ योजनेने दिलेली तारीख: महिना संपल्यापासून १५ दिवस. रिटर्नच्या तारखेचा इथे काही संबंध नाही, आणि ही वजावट पुढच्या वर्षीही मिळत नाही. एक दिवस उशीर झाला तरी गेली ती गेली.

हे नेहमीच असं नव्हतं, म्हणून जुने हिशेबनीस अजून गाफील राहतात. कलम ४३बी (काही खर्च प्रत्यक्ष भरल्यावरच वजा देणारं कलम) मध्ये पूर्वी एक दुसरं परंतुक (जोडलेली अट) होतं, ते मालकाच्या वर्गणीलाही पीएफ कायद्याच्या तारखेला बांधायचं. फायनान्स ॲक्ट २००३ ने ते काढलं. ते काढणं पूर्वलक्षी आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अलोम एक्स्ट्रुजन्सच्या निकालात सांगितलं. पुढे काही उच्च न्यायालयांनी तोच दिलासा कामगारांच्या वाट्यालाही दिला. मुंबई उच्च न्यायालयाने घाटगे पाटील ट्रान्सपोर्ट्सच्या प्रकरणात करदात्याच्या बाजूने निकाल दिला, तर गुजरात उच्च न्यायालयाने तिथल्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात विरुद्ध. महाराष्ट्रात त्यामुळे ‘रिटर्नच्या आधी भरलं की झालं’ अशी सवय पडली. फायनान्स ॲक्ट २०२१ ने स्पष्टीकरण घालून ही वाट बंद केली, आणि १२ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात जुन्या वर्षांसाठीही तोच अर्थ लावला: कापलेले पैसे कामगाराचे आहेत, मालक ते फक्त विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतो, त्यामुळे ४३बी ची सवलत त्यांना नाही.

तुमच्या प्रकरणात सात दिवसांच्या उशिराची किंमत काढू. कलम ११५बीएए (कंपन्यांसाठीचा सवलतीचा दर) खाली कर भरत असाल तर अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के. २,४०,००० वर कर येतो ६०,४०३ रुपये, तोही कायमचा. त्याच उशिरासाठी पीएफ कायद्याचं कलम ७क्यू वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लावतं. पूर्ण चलानावर सात दिवसांचं ते साधारण १,१४५ रुपये होतं. कलम १४बी ची नुकसानभरपाई जून २०२४ पासून महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला थकबाकीच्या १ टक्का, म्हणजे ४,९७५. पीएफ कार्यालयाचा फटका सहा हजारांचा आणि आयकराचा साठ हजारांचा. अकाउंट्स विभाग मात्र घाबरतो पीएफच्या नोटिशीला.

आता कंपनीचा वाटा, २,५७,५०० रुपये. याला कलम ४३बी(बी) लागतं, आणि ते बरंच उदार आहे. वर्गणी कोणत्याही वर्षाची असो, ती प्रत्यक्ष भरल्याच्या वर्षी वजा मिळते. कलम १३९(१) खालच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरली तर ज्या वर्षाची आहे त्याच वर्षी मिळते. २२ एप्रिल २०२५ ही तारीख त्या मुदतीच्या कितीतरी आधीची, त्यामुळे कंपनीचा वाटा २०२४-२५ मध्येच पूर्ण मिळेल. त्याच चलानातला निम्मा भाग कायमचा बुडाला आणि निम्म्याला धक्काही लागला नाही.

पंधरा तारीख का चुकते

पूर्वी पंधरा तारखेनंतर मिळणारे सवलतीचे पाच दिवस २०१६ च्या सुरुवातीपासून बंद झाले, पण ‘वीस तारखेपर्यंत चालतं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. ‘पगारच सात तारखेला होतो, म्हणून महिना पुढचा धरायचा’ हा युक्तिवादही काही प्रकरणांत झाला आहे. अपिलात शेवटचं हत्यार म्हणून तो ठेवा, कॅलेंडर त्यावर आखू नका. मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला तरी चलान १५ एप्रिललाच.

प्रत्यक्षात उशीर होतो तो तीन जागी. पहिली, आधार. यूएएनला (कामगाराच्या पीएफ क्रमांकाला) आधार जोडलेलं नसेल तर त्या माणसाचा ईसीआर (महिन्याचं ऑनलाइन पीएफ विवरण) जात नाही, आणि एका माणसासाठी शंभर जणांचं चलान अडवून ठेवलं जातं. तसं करू नका. नव्याण्णव जणांचं चलान वेळेत भरा, उरलेल्याचं पुरवणी ईसीआरने. बुडालीच तर एकाच्या वाट्याची वजावट बुडेल. दुसरी, बँक. चलान तयार झालं, टीआरआरएन (चलानाचा क्रमांक) मिळाला, पण नेट बँकिंगमध्ये दुसऱ्या संचालकाची मंजुरी राहिली. चलान तयार केल्याची तारीख म्हणजे पैसे भरल्याची तारीख नव्हे. तिसरी, सुट्टी. पंधरा तारीख रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीला आली तर ऑनलाइन भरणा चालू असतो, त्यामुळे सोमवारी भरण्याचा बचाव लंगडा पडतो. अंतर्गत मुदत १० तारीख ठेवली की हे तिन्ही प्रश्न आपोआप सुटतात.

पैसेच कमी असतील तर जेवढ्यांचं पूर्ण चलान भरता येईल तेवढ्यांचं १५ च्या आत भरा. कर वाचण्यापलीकडेही याला कारण आहे. पगारातून कापलेली वर्गणी न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ च्या स्पष्टीकरणानुसार विश्वासघाताचा गुन्हा मानला जातो. मालकाचा वाटा थकणं ही उधारी, कामगाराचा वाटा थकणं ही वेगळी गोष्ट.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: ईएसआयच्या कापलेल्या ०.७५ टक्क्यांनाही हाच नियम, तारीखही पंधराच.

३सीडी मध्ये काय दिसतं

कामगारांचा वाटा फॉर्म ३सीडी (टॅक्स ऑडिटचा तपशीलवार तक्ता) च्या कलम २०(बी) मध्ये महिन्यागणिक जातो: कापलेली रक्कम, देय तारीख, भरलेली रक्कम, भरल्याची तारीख. कंपनीचा वाटा कलम २६ मध्ये. या तक्त्यातल्या तारखांवरून बंगळुरूचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र कलम १४३(१)(ए)(आयव्ही) खाली परस्पर रक्कम वाढवतं, माणूस फाइल उघडतच नाही. आधी सूचना येते आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. ही सूचना ईमेलवर येते आणि बऱ्याचदा सल्लागाराच्या जुन्या ईमेलवर पडून राहते, तेवढं बघा.

२०(बी) मध्ये दोन चुका सर्रास होतात. देय तारीख चुकीची टाइप होते, एप्रिलची मे होते किंवा वीस तारीख लिहिली जाते. आणि पूर्ण चलानाची रक्कम ‘कामगारांकडून मिळालेली’ या रकान्यात जाते. दुसऱ्या चुकीत तुमच्याच २,५७,५०० वरही विनाकारण कर लागतो. भरणा केल्याच्या पावतीवर खाते क्र. १ ची एकच रक्कम, ३,५५,००० दिसते. त्यातले २,४०,००० च कामगारांचे आहेत. ही फोड चलानातल्या किंवा ईसीआरच्या तपशिलातून काढावी लागते, पावतीवरून होत नाही.

कलम ७क्यू चं व्याज भरपाईच्या स्वरूपाचं आहे, म्हणून कलम ३७(१) खाली ते खर्च म्हणून मागता येतं. त्याला ४३बी लागत नाही, कारण ते ‘वर्गणी’ नाही. १४बी च्या रकमेचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ऑर्गॅनो केमिकलच्या निकालात तिच्यात भरपाई आणि दंड दोन्ही मिसळलेले आहेत असं म्हटलं, आणि १९९३ च्या प्रकाश कॉटन मिल्सच्या निकालात अशा रकमांची भरपाईची आणि दंडाची बाजू वेगळी काढायला सांगितलं. युक्तिवादाला जागा आहे, पण माझा सल्ला: छोटी रक्कम असेल तर १४बी स्वतःहून नामंजूर धरा आणि ३सीडी च्या कलम २१(ए) मध्ये दाखवा. मोठी असेल तर आदेशात ७क्यू आणि १४बी चे आकडे वेगळे लिहून घ्या. एकच ढोबळ रक्कम ‘पीएफ दंड’ नावाने लेजरमध्ये पडली की व्याजाची वजावटही तिच्यासोबत जाते.

सुपरॲन्युएशनचे ९ लाख

इथे पंधरा तारखेचा प्रश्न नाही. फंड मान्यताप्राप्त असेल तर मालकाची वर्गणी कलम ३६(१)(आयव्ही) खाली मिळते, आणि वेळ ४३बी ठरवतं. ऑडिट लागणाऱ्या कंपनीची मुदत एरवी ३१ ऑक्टोबर. २०२४-२५ साठी सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) ती वाढवून १० डिसेंबर २०२५ केली होती. कलम ११९ खाली वाढवलेली मुदत ही १३९(१) चीच मुदत, त्यामुळे ४३बी साठीही तीच चालते. तुम्ही २० डिसेंबरला भरले. दहा दिवसांनी हुकलं. म्हणजे २०२४-२५ मध्ये ९ लाख नामंजूर आणि २०२५-२६ मध्ये मंजूर. पैसे बुडालेले नाहीत, वर्षभर सरकले आहेत.

रिटर्न कधी भरलं यावर हे ठरत नाही. मुदतीनंतर रिटर्न भरलं पण वर्गणी मुदतीत गेली, तर त्याच वर्षी मिळते. उलट रिटर्न सप्टेंबरमध्येच भरून टाकलं आणि वर्गणी ३० ऑक्टोबरला गेली, तरी त्या वर्षावर हक्क आहे. पण ऑडिट रिपोर्टमध्ये ती ‘न भरलेली’ अशीच बसलेली असते आणि केंद्रीय प्रक्रिया केंद्र तेच वाचतं. यावर नियम ६जी(३) मध्ये सोय आहे: रिपोर्ट दिल्यानंतर केलेल्या भरण्यामुळे कलम ४० किंवा ४३बी ची नामंजुरी बदलत असेल तर ऑडिटरकडून सुधारित ३सीडी घेता येतो, त्या आकारणी वर्षाच्या (आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपर्यंत. सोबत सुधारित रिटर्नही द्या. ही सोय फारशी कोणी वापरत नाही, आणि मग दोन वर्षं अपिलात घालवतात.

तुम्ही ९ लाख चुकून २०२४-२५ मध्येच वजा घेतले असतील तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न देता आलं असतं. ती तारीख गेली असेल तर कलम १३९(८ए) खालचं अद्ययावत रिटर्न उरतं. आकारणी वर्ष संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा द्यावे लागतात. सूचना येण्याची वाट बघण्यापेक्षा ते स्वस्त पडतं का, हे आकडे मांडून ठरवा.

आणि पुढची चूक याहून सामान्य: २०२५-२६ मध्ये वजावट मागायची राहून जाते. त्या वर्षीच्या नफा-तोट्यात हा खर्च नसतोच, तो आदल्या वर्षी पडलेला. त्यामुळे तो फक्त करगणनेत येतो, आणि करगणना करणारा नवा असला की येतच नाही. ३सीडी च्या कलम २६(आय)(ए) मध्ये, वर्षाच्या पहिल्या दिवशी असलेल्या जुन्या देण्यांत, तो दाखवावा लागतो. रिटर्नमध्ये ‘मागील वर्षी ४३बी खाली नामंजूर, या वर्षी मंजूर’ असा वेगळा रकाना आहे. विसरलात तर सुधारित रिटर्नशिवाय आकारणी अधिकारी तो मान्य करू शकत नाही. गोएट्झ इंडियाच्या २००६ च्या निकालाने ते पक्कं केलं. अपिलात मागता येतं, पण तिथवर जायचं कशाला?

‘भरणा’ म्हणजे कंपनीच्या खात्यातून पैसे ट्रस्टच्या किंवा विमा कंपनीच्या खात्यात जाणं. ट्रस्टच्या नावे जर्नल एन्ट्री करून ‘देय’ दाखवणं म्हणजे भरणा नव्हे. विश्वस्त आणि संचालक एकच माणसं असतात म्हणून हा प्रकार घडतो. ३१ मार्चला एन्ट्री, पैसे जानेवारीत. ट्रस्टची पावती तारखेसह आणि कोणत्या वर्षाची वर्गणी ते लिहून घ्या. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. नियम ८७ नुसार सुपरॲन्युएशनची नेहमीची वार्षिक वर्गणी, पीएफची मालकाची वर्गणी धरून, त्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या २७ टक्क्यांच्या आत असावी लागते. दोन वर्षांची वर्गणी एका वर्षात एकत्र दिसली की मर्यादा ओलांडल्यासारखं दिसतं आणि मग ती कोणत्या वर्षाची होती हे सिद्ध करत बसावं लागतं.

उशिराचा एक फटका कंपनीला बसत नाही, कर्मचाऱ्याला बसतो, आणि म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. कलम १७(२)(व्हीआयआय) नुसार पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून मालकाने एका वर्षात कर्मचाऱ्याच्या खात्यात ७.५ लाखांपेक्षा जास्त घातले तर वरची रक्कम त्याचं करपात्र उत्पन्न. समजा एका वरिष्ठ अधिकाऱ्याला वर्षाला ३ लाख पीएफ आणि ३ लाख सुपरॲन्युएशन जातं. एरवी ६ लाख, काही प्रश्न नाही. पण २०२४-२५ चे ३ लाख डिसेंबर २०२५ मध्ये गेले आणि २०२५-२६ चे ३ लाख मार्च २०२६ मध्ये वेळेवर, तर २०२५-२६ मध्ये खात्यात ९ लाख पडले. दीड लाखावर त्याला कर, आणि त्यावर टीडीएस कापायची जबाबदारी तुमची. त्या खात्यांवर पुढे मिळणारा परतावाही त्या प्रमाणात करपात्र धरला जातो. असे दोन-तीन अधिकारी असतील तर डिसेंबरच्याच पगारात त्यांचा टीडीएस पुन्हा काढा, मार्चपर्यंत थांबू नका.

सुपरॲन्युएशनमध्ये कर्मचाऱ्याच्या पगारातूनही काही कापत असाल तर तो भाग पुन्हा ३६(१)(व्हीए) कडे जातो. तिथे ‘देय तारीख’ ची व्याख्या फक्त कायद्यापुरती नाही, नोकरीचा करार किंवा फंडाचे नियमही त्यात येतात. ट्रस्टच्या नियमांत ‘पगारानंतर ७ दिवसांत’ लिहिलं असेल तर मुदत सात दिवसांची. जुन्या ट्रस्ट डीडमध्ये असे कडक शब्द असतात आणि ते कुणी उघडूनही बघत नाही.

एनपीएसची मालकाची वर्गणी ३६(१)(आयव्हीए) खाली, आकारणी वर्ष २०२५-२६ पासून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत (आधी १०). उशिराचं तत्त्व सुपरॲन्युएशनचंच.

ग्रॅच्युइटीचे १४ लाख

इथे उशिराचा प्रश्नच येत नाही, कारण फंडच नाही. कलम ४०ए(७) नुसार ॲक्चुअरीच्या (पुढची देणी गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) अहवालावरून केलेली ग्रॅच्युइटीची तरतूद वजा मिळत नाही, मग हिशेबाच्या मानकांनी ती कितीही बंधनकारक असो. अपवाद दोन. एक, मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडाच्या वर्गणीसाठीची तरतूद, आणि तीही ४३बी मुळे मुदतीत भरली तरच. दोन, त्या वर्षात प्रत्यक्ष देय झालेली ग्रॅच्युइटी.

दुसऱ्या अपवादात एक बारकावा उपयोगाचा आहे. कोणी २८ मार्चला निवृत्त झाला, त्याची ग्रॅच्युइटी ३१ मार्चला देणं आहे आणि दिली जूनमध्ये. ती देय झालेल्या वर्षीच मिळते. ४३बी(बी) फंडातल्या वर्गणीबद्दल बोलतं, कर्मचाऱ्याला थेट द्यायच्या ग्रॅच्युइटीबद्दल नाही. त्याच माणसाच्या शिल्लक रजेच्या पैशांना मात्र ४३बी(एफ) लागतं, तिथे भरणा हवाच. पूर्ण आणि अंतिम हिशेबाचा एकच व्हाउचर असतो, म्हणून दोन्ही रकमा एकाच बाजूला ढकलल्या जातात. चौदा लाखांमध्ये असे कोणी आहेत का, ते यादी काढून बघा. तेवढी रक्कम बाजूला काढता येईल.

फंड काढायचा असेल तर क्रम महत्त्वाचा: अपरिवर्तनीय ट्रस्ट, मग आयकर आयुक्तांकडे मान्यतेचा अर्ज, मग पैसे. मान्यता नसलेल्या फंडात गेलेली वर्गणी ४०ए(९) मध्ये अडकते. समूह ग्रॅच्युइटी पॉलिसी काढली म्हणजे मान्यता आली असं नव्हे. ट्रस्टच्या ऐवजी थेट एलआयसीला पैसे दिले म्हणून वजावट नाकारता येत नाही हे टेक्स्टूलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, पण तिथे फंड मान्यताप्राप्त होता, पैसे कंपनीच्या हातून कायमचे गेले होते. मान्यता असेल तर नियम १०३ नुसार वार्षिक वर्गणी पगाराच्या ८⅓ टक्क्यांपर्यंत, आणि मागच्या सेवेसाठी सुरुवातीची वर्गणी नियम १०४ खाली दर वर्षाला त्याच दराने. चौदा लाखांची जुनी तरतूद याच वाटेने, भरल्याच्या वर्षी, वजावटीत आणता येते.

७ए चा आदेश

समजा आदेश १२ लाखांचा: ६ लाख मालकाचा वाटा, ६ लाख कामगारांचा, विशेष भत्त्यावर पीएफ न कापल्याबद्दल. सरसकट मिळणाऱ्या भत्त्यांवरही पीएफ लागतो असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या विवेकानंद विद्यामंदिरच्या फेब्रुवारी २०१९ च्या निकालानंतर असे बरेच आदेश निघाले.

मालकाचे ६ लाख २०१९ ते २०२२ चे आहेत म्हणून ‘जुन्या काळातला खर्च’ ठरत नाहीत. ४३बी चे शब्दच आहेत: देणं कोणत्याही वर्षी निर्माण झालेलं असो, वजावट भरल्याच्या वर्षी. फेब्रुवारी २०२६ म्हणजे २०२५-२६ मध्ये. निषेध नोंदवून भरले तरी भरणा तो भरणाच. अपिलात जिंकून परत मिळाले तर त्या वर्षी कलम ४१(१) खाली उत्पन्नात येतील. पीएफ कायद्याच्या कलम ८एफ खाली बँक खात्यातून परस्पर वसूल झाले असतील तर बँकेने पीएफ कार्यालयाला पाठवल्याची तारीख धरा.

कामगारांच्या ६ लाखांवर घाईने ३६(१)(व्हीए) लावून ‘उशिरा, म्हणून नामंजूर’ असं लिहिणारे ऑडिटर भेटतात. आधी एक प्रश्न विचारा: हे पैसे पगारातून कापले होते का? कापलेच नव्हते, तर कंपनीला ते ‘मिळालेले’ नाहीत आणि २(२४)(एक्स) चं उत्पन्नही उभं राहत नाही. शिवाय पीएफ योजनेचा परिच्छेद ३२ मागच्या काळाचा वाटा आता पगारातून कापायला बंदी करतो, त्यामुळे बोजा कायमचा कंपनीवरच. मग तो कंपनीचा स्वतःचा खर्च, आणि भरल्याच्या वर्षी मागायचा. खात्याकडून यावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून कागद आधीच तयार ठेवा: आदेशातली फोड, त्या काळाच्या पगारपत्रकाच्या प्रती ज्यात कपात दिसत नाही, रक्कम कंपनीने सोसल्याचा संचालक मंडळाचा ठराव, आणि लेजरमध्ये वेगळं खातं. ३सीडी च्या २०(बी) मध्ये ही रक्कम टाकू नका. तो रकाना कामगारांकडून मिळालेल्या रकमांचा आहे. काही महिने खरोखर कापलं होतं आणि भरलं नव्हतं असं निघालं, तर तेवढे महिने मात्र कायमचे नामंजूर.

शेवटी ताळेबंद. स्थगित कराची (पुढच्या वर्षांत वळता होणाऱ्या कराची) गणना करताना सुपरॲन्युएशनचे ९ लाख आणि ग्रॅच्युइटीची तरतूद हे वेळेचे फरक आहेत, त्यावर स्थगित कर मालमत्ता येते. मार्चचे कामगारांच्या वाट्याचे २,४०,००० कायमचा फरक आहे, त्यावर काही येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘पीएफ नामंजूर’ असं एकच खातं असेल तर दोन्ही मिसळतात आणि कधीच न मिळणाऱ्या ६०,४०३ रुपयांची मालमत्ता वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते. खाती दोन करा.